अनिरुद्धची हरकत नाही

फुकट वाटायच्या गोष्टीवरून माणसं जितकी भांडतात तितकी विकायच्या गोष्टीवरून भांडत नाहीत, असं मला नोकरीत असताना कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता हसत नाही. गेली कित्येक वर्षं माझे रविवार अशाच एका फुकट गोष्टीपायी चाललेत आणि किस्से इतके साठलेत, की परवा भाचीच्या डोहाळजेवणातही बायका म्हणाल्या, ते तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांचं सांगा की! सांगते. पण सगळेच हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तक्रार नको.

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'बोलघेवडा'. कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर मराठी मजकूर असेल तर हा तो मोठ्याने वाचून दाखवतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलाय. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघावा, वापरावा, सुधारावा, आणि सुधारलेला परत सगळ्यांना खुला करावा. कितीतरी जणांनी आपापल्या घरी बसून लिहिलाय. ज्याने जेवढं लिहिलं तेवढं त्याच्या मालकीचं, फक्त सगळ्यांना वापरायला दिलेलं.

मला कोड लिहिता येत नाही. मी हडपसरला एका कंपनीच्या कायदे विभागात होते. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. कोणी काही लिहून पाठवलं की ते खरंच त्याचं आहे का, आणि ते देऊन टाकायचा त्याला हक्क आहे का, एवढंच मी बघते. मी हो म्हटल्याशिवाय काही आत जात नाही. हा सगळा संसार चालवणारा निखिल मला 'जकात नाका' म्हणतो. शहराचे नाके कधीच बंद झाले, हा एक तेवढा उरलाय म्हणे.

* * *

एकदा एका कॉलेजच्या मुलाने कोड पाठवला. काम इतकं सफाईदार, की निखिल खूश. मुग्धा, म्हणजे आमच्यातली सगळ्यात तरुण आणि सगळ्यात घाईची पोरगी, तीही खूश. दोघं म्हणाले, मावशी, लगेच घेऊन टाका. मी उघडून बघितलं. कोडमध्ये लिहिणारे आपल्यासाठी टिपा लिहून ठेवतात ना, त्या सगळ्या कोरियन भाषेत!

मी त्या मुलाला फोन लावला. म्हटलं, बाळा, हे तूच लिहिलंयस ना? हो म्हणाला. मग कोरियन कुठे शिकलास?

"सिरियली बघून," म्हणाला.

कोड परत पाठवला. निखिलचं तोंड दिवसभर वाकडं होतं, चालत होतं की छान, म्हणे. चोरीची सायकलही छान चालते, मी म्हटलं. त्या मुलाने पुढे खरंच स्वतः बसून लिहिलं. जरा अडखळत चालायचं, पण त्याचं होतं. ते घेतलं.

* * *

दुसऱ्याला अडवणं सोपं असतं. मी खुद्द निखिललाच अडवलं होतं, तो किस्सा आमच्यात अजून निघतो.

त्याच्या कंपनीच्या करारात एक कलम होतं. नोकरीत असताना तुम्ही जे जे लिहाल, ते घरी लिहा नाहीतर गच्चीत बसून लिहा, ते कंपनीचं. निखिलने सही करताना वाचलं नव्हतं. कोण वाचतं? मी वाचते. मी म्हटलं, कंपनीकडून चिठ्ठी आण की 'बोलघेवड्या'वर आमचा हक्क नाही. तो म्हणाला, मावशी, कशाला खाजवून खरूज काढायची? आजवर कोणी विचारलंय का?

मी त्याचा कोड दारात अडवून ठेवला. प्रमुखाचाच! पुढचे काही रविवार तो सगळ्यांना चहा आणायचा आणि मला विसरायचा. शेवटी गेला एचआरच्या बाईंकडे. त्यांनी विचारलं, घरी जाऊनही तुम्ही कोडच लिहिता? हो. पैसे न घेता? हो. बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मग इथे तुमचा चेहरा असा का असतो?"

चिठ्ठी मिळाली. त्या वर्षीचं प्रमोशन मात्र हुकलं. ते त्याने मला खूप उशिरा सांगितलं, तेही भाजी निवडताना सांगावं तसं सहज. मला फार वाईट वाटलं. चिठ्ठी मी तरीही आणायला लावलीच असती.

* * *

आमच्याकडे निर्णय घ्यायची एक पद्धत आहे. कोणी काही सुचवलं की ते ग्रुपवर टाकायचं. तीन दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, की मंजूर. जगभर ओपन सोर्सवाले असंच करतात, कारण प्रत्येकाची मान हलायची वाट बघत बसलं तर काहीच हलणार नाही. पद्धत चांगलीच आहे. फक्त गप्प बसलेला माणूस का गप्प आहे, ते ती पद्धत विचारत नाही.

येरवड्याला अंध मुलांच्या शाळेत शिकवणारे योगेश सर आमच्यात पहिल्यापासून आहेत. ते स्वतः पूर्ण अंध. आमची रविवारची बैठक त्यांच्याच वर्गात भरते. एका रविवारी ते गावाला गेले होते. त्या दिवशी ठरलं, की जुन्या मोबाइलसाठी वेगळी मेहनत घेणं आता बंद करायचं. मुग्धाने फळ्यावर सगळं मुद्देसूद लिहिलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तीन दिवस कोणी हरकत घेतली नाही. मंजूर.

पुढच्या महिन्यात सरांच्या वर्गातली अर्धी मुलं 'बोलघेवडा' चालत नाही म्हणून बसून राहिली. सगळ्यांचे मोबाइल जुने, कोणाच्या काकाचे, कोणाच्या मामाचे. सरांनी विचारलं, हे कधी ठरलं? आम्ही म्हटलं, सर, ग्रुपवर टाकलं होतं, तुम्ही काही बोलला नाहीत.

सर म्हणाले, "मी गप्प नव्हतो. तुम्ही मला फळ्याचा फोटो पाठवला होता."

आंधळ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही. मान खाली घालून बसलो. निर्णय तिथल्या तिथे फिरवला आणि त्या दिवसापासून ग्रुपवर फोटो बंद. मुग्धा त्या दिवशी रडली. सरांनीच तिला समजावलं, मी नाही. मला समजावता येत नाही.

* * *

मग ती पेटी आली, आणि तिच्यापायी हे सगळं रामायण घडलं.

एका संस्थेने अंध मुलांसाठी एक छोटी पेटी तयार केली होती. डब्याएवढी. पुस्तक समोर धरलं की वाचून दाखवणारी. तिच्यात मराठी आवाज म्हणून त्यांना 'बोलघेवडा' हवा होता आणि पहिल्या पेट्या सरांच्या शाळेला देणार होते, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. सरांना इतकं आनंदलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मुलांना वाचून दाखवायला त्यांच्या शाळेत माणूस मिळत नाही. मिळालाच तर आठवड्यात टिकत नाही.

अडचण एकच. आमची अट अशी, की 'बोलघेवडा' ज्यात घालाल तेही सगळ्यांना खुलं करा. पेटीतले काही भाग संस्थेने दुसऱ्यांकडून घेतलेले, ते खुले करणं तिच्या हातात नव्हतं. म्हणजे अट सैल करायला हवी. आणि अट सैल करायची तर ज्याने ज्याने एक ओळ तरी लिहिली आहे त्या प्रत्येकाची लेखी संमती हवी. एक जण जरी नाही म्हणाला तरी त्याचा भाग काढून नवा लिहायचा, नाहीतर पेटी विसरायची. ते गोळा करायचं काम कोणाकडे? जकात नाक्याकडे.

बहुतेकांनी पटापट दिली. अडले ते पाटणकर. पाटणकर आणि जोगळेकर दोघंही निवृत्त, दोघंही 'बोलघेवड्या'त जुने, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून बिनसलं ते दोघांनाही नीट सांगता येत नाही. मी पाटणकरांच्या घरी गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जोगळेकर काय म्हणाला? मी खरं ते सांगितलं, त्यांनी संमती दिली. "मग माझी नाही," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी मुलांचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, काही उपयोग नाही. शेवटी उठले. जाता जाता म्हटलं, ठीक आहे, तुमचा भाग आम्ही काढून टाकू आणि परत लिहायला जोगळेकरांना सांगू.

वर्तमानपत्र खाली आलं. "पेन आहे का?" पाटणकर म्हणाले.

* * *

अखेर मुग्धाने सगळ्यांची नावं एका तक्त्यात घालून मला पाठवली. ज्यांची लेखी संमती आली त्यांच्यापुढे तसं लिहिलेलं. आणि एका नावापुढे लिहिलेलं, 'तीन दिवसांत उत्तर नाही. हरकत नाही असे धरले.'

नाव होतं अनिरुद्ध बेहेरे.

अनिरुद्ध आमच्यातला सगळ्यात हुशार. आवाज कुठे थांबावा, कुठे श्वास घ्यावा, कुठे पुढे जावं, हा सगळा भाग त्याने एकट्याने लिहिलेला. डेंग्यूने गेला. आठवड्याच्या आत. लग्नही झालं नव्हतं. मुग्धा त्यानंतर आली. तिने त्याचं नाव कोडमध्ये जागोजागी वाचलं होतं आणि तिला वाटत होतं तो परदेशी गेलाय. निखिलने सगळ्यांना मेल पाठवताना यादी जशी होती तशी घेतली, त्यात त्याचा पत्ता होता. मेल गेली. तीन दिवस झाले.

मी तिला फोन केला. काय बोलावं ते ठरवलंच नव्हतं. एवढंच म्हटलं, अगं, तो नाहीये आता. तिने विचारलं, म्हणजे पुण्यात नाही? मग तिलाच कळलं.

त्या रविवारी वर्गात कोणी चहा आणला नाही. निखिल म्हणाला, त्याचा भाग काढून नवा लिहिता येईल, जूनच्या आत होणार नाही, पण येईल. आणि स्वतःच म्हणाला, पण मी तो काढणार नाही, तुम्ही कोणीतरी काढा. कोणी काढायला तयार होईना. योगेश सर म्हणाले, "आधी त्याच्या घरी विचारा. नाही म्हणाले तर मी मुलांना सांगेन." मुलांना पेट्यांबद्दल त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, हे तेव्हा आम्हाला कळलं.

* * *

आता शेवटचा.

अनिरुद्धचं घर कसबा पेठेत. तांबट आळीजवळ गाडी लावायला जागा नाही, म्हणून मी आणि मुग्धा लांब उतरून चालत गेलो. त्याचे वडील, बेहेरे काका, कॉर्पोरेशनमध्ये ओव्हरसियर होते. रस्ते, गटारं, शाळांच्या भिंती, जे काम ठेकेदार करेल ते जाऊन बघायचं, नीट असेल तर तसा शेरा द्यायचा. मला हे आधी माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलं, की यांच्या शेऱ्यासाठी ठेकेदार घरी येऊन बसायचे आणि हे त्यांना चहा पाजून परत पाठवायचे.

कायदा असा, की मुलगा लग्नाआधी गेला आणि मृत्युपत्र नसलं तर त्याचं जे असेल ते आईकडे जातं. म्हणजे सही काकूंची हवी होती. मी ते जमेल तितक्या हळू सांगितलं. कसंही सांगितलं तरी ते वाईटच वाटतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझी ना नाही, पण यांना एकदा दाखवा.

काका म्हणाले, "काय काय दिलंय त्याने, ते बघितल्याशिवाय हिने सही कशी करायची?"

मी म्हटलं, काका, कोड आहे, सगळा छापला तर गठ्ठा होईल. होऊ दे, म्हणाले. मुग्धाने अप्पा बळवंत चौकातून छापून आणला. काकांनी चष्मा बदलला, लाल पेन्सिल काढली आणि आम्हाला पुढच्या रविवारी या म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर मी चिडले होते. हक्क बाईचा आणि तपासणार बुवा! मुग्धा म्हणाली, मावशी, त्यांना त्यातलं एक अक्षर कळणार नाही. मला तेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी गेलो. काकांनी गठ्ठा समोर ठेवला. सगळी पानं उलटलेली दिसत होती. कोड त्यांना कळला नव्हताच. पण अनिरुद्ध आपल्यासाठी टिपा मराठीत लिहायचा, त्या त्यांनी एकूणएक वाचल्या होत्या. एका पानावर लाल खूण होती. तिथे अनिरुद्धने लिहिलं होतं, 'धडा मधेच थांबवला तर परत सुरुवातीपासून वाचतो. उद्या बघतो.'

"हे कोणी बघितलं का?" काकांनी विचारलं.

मी मुग्धाकडे पाहिलं. तिने मान हलवली. कोणीच नव्हतं बघितलं. मुलांना सवय झाली होती, थांबवलं की पहिल्यापासून ऐकायचं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि आम्ही ते तसंच चालवून घेतलं.

काका काकूंकडे वळले. "तू सही करायची नाहीस. काम अपुरं आहे."

मी समजवायला गेले, की हे नंतर करता येईल, संमतीचा आणि याचा संबंध नाही, जून तोंडावर आलाय. कायद्याने मी बरोबर होते. काकांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि गठ्ठ्याला दोरा बांधायला लागले. काकू खाली बघत बसल्या होत्या.

त्या आठवड्यात मुग्धा ऑफिसला गेली नाही. निखिल तिला मदत करायला बसला. वाटलं त्यापेक्षा ते काम फार अवघड निघालं, म्हणूनच अनिरुद्धने ते उद्यावर टाकलं असावं. योगेश सर रोज संध्याकाळी, सुट्टीतही वसतिगृहात राहिलेल्या मुलांना घेऊन तपासायचे आणि चुका कळवायचे. एक सुटली की दुसरी. शुक्रवारी सरांचा फोन आला, म्हणाले, आता एकही मूल कुरकुरत नाहीये.

रविवारी मोबाइल घेऊन कसबा पेठेत गेलो. या वेळी सरही आले, मुग्धाचा हात धरून. काकांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगावर बसले. सहावीच्या भूगोलाचा धडा लावला. 'बोलघेवडा' वाचायला लागला. काकांनी स्वतः बोट ठेवून थांबवला. उठून पाणी प्यायले. आले, सुरू केला. थांबला होता तिथून पुढे वाचायला लागला. परत थांबवला, मोबाइल पूर्ण बंद केला, चालू केला. तिथूनच पुढे. मग त्यांनी धडा शेवटपर्यंत ऐकला. मधे मधे थांबवत आणि सुरू करत. काकू आत स्वयंपाकघरात होत्या.

धडा संपला. काकांनी मोबाइल मुग्धाच्या हातात दिला. पुरं झालेल्या कामाखाली कॉर्पोरेशनात जो शब्द लिहितात, तो ते म्हणाले.

"समाधानकारक."

तो शब्द ऐकून काकू हात पुसत बाहेर आल्या. दारात उभ्या राहिल्या.

"कोणाला म्हणालात?"

काकांनी संमतीचा कागद त्यांच्याकडे सरकवला आणि माझ्याकडे पेन मागितलं.